एका घराला एक सुई

पोलादपूर बाजूचं ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. मी तेव्हा फौजदार होते. पुढे नोकरी सोडली. आता दवाखान्यांच्या प्रश्नावर गावोगाव बोलत फिरते. म्हणून लिहिते ते गुळगुळीत नसेल.

ठाण्यात एक बाई आली. डोंगरावरच्या वाडीत दिलेली तिची मुलगी महाडला रुग्णालयात होती. इंजेक्शनच्या जागी गळू होऊन पू आत पसरलेला. "मॅडम, पोरगी पोटुशी हाय. दोघांचं काय सांगता येत नाय म्हनतात. आन् तिची सासूपन लंगडतेय. विचारलं तर म्हनते, पडले."

खबर एवढीच. पण एका घरात दोघी?

आमच्या हवालदारांनी तिला सुई देणाऱ्या, बाजारच्या गावातल्या डॉक्टरची पदवी तपासली. खरी निघाली. दवाखान्याची फरशीही चकचकीत. "बोगस नाही तो मॅडम, सोडा विषय." इथंच सगळं अडतं आपलं! भिंतीवरची पदवीची चौकट बघायची आणि माघारी फिरायचं. डॉक्टरचे हात कोण बघणार?

मी वाडीत गेले. सासूबाई दारातच म्हणाल्या, "आमचा डॉक्टर देवमानूस हाय. गोळ्यांवर भागवत नाय, सुई देतो."

पुरुषांना अंगणात बसवून मी त्यांना आत नेलं. "दाखवा."

"लाज नाय वाटत गो तुला?"

"वर्दीत नाही वाटत."

त्या हसल्या आणि लुगडं सारलं. तसंच गळू, त्याच जागी.

"सुई कुणाकुणाला दिली?"

"बाजाराच्या दिवशी गेलो, सगल्यांना ताप व्हता. आधी ह्यांना, मग मला, मग सुनेला. कोरं पाकीट आमच्यासमोर फोडलंन. दुसऱ्या घरची सुई आमाला चालत नाय."

"पाकिटं किती फोडली?"

"एकच. घर एकच ना?"

त्यांच्याच बोलण्यातून कळलं, सुई घेतली तेव्हा सासऱ्यांच्या कमरेवर पिकलेले फोड होते; तोच पू त्या एका सुईने दोघींत उतरला होता.

पुढच्या बाजाराला तालुका आरोग्य अधिकारी आणि पंच घेऊन दवाखान्यात शिरले. बाकं माणसांनी भरलेली, वापरलेल्या सुयांच्या डब्यात मात्र मूठभर सुया. पंचनामा झाला, डबा जप्त झाला. डॉक्टर आवाज न चढवता म्हणाले, "एका घराला एक सुई, ही त्यांचीच समजूत आहे. मी फक्त मोडली नाही."

"मग शिकलात कशाला?"

त्यांनी बाहेरच्या बाकांकडे बोट केलं. मग म्हणाले, "गर्दी असते. लवकर उरकतं."

वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय आल्यावर गुन्हा दाखल केला. तोवर वाडीतली माणसं ठाण्यावर आली होती, आमच्या डॉक्टरला त्रास देऊ नका म्हणायला. मला राग आला, पण त्यांचा नाही. त्या घाटात दुसरा डॉक्टर ठेवलाय कुणी? जो आहे त्याला तपासायलाही कुणी फिरकत नाही. गळू होईपर्यंत दवाखाना चांगलाच असतो.

या प्रकरणाने मला एवढं शिकवलं, की माणसं बेसावध नसतात. ती तपासतात, कोरं पाकीट मागतात. फक्त नेमकं काय तपासायचं, हे जाणणारा त्यांना सांगत नाही.

सून वाचली, मुलगी झाली. लसीच्या दिवशी मी आरोग्य केंद्रात होते. सिस्टरने बाळाची लस टोचली आणि आईला पाळणा लांबवायची सुई द्यायला दुसरं पाकीट घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "मायलेकीच ना गो? कशाला दुसरं फोडतेस?"

सुनेने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "फोडा सिस्टर," म्हणाली, आणि पाकीट फुटेपर्यंत दंड पुढे केला नाही.