धाकट्याची शिक्षा

गुन्हा शाबीत झाला होता. उरलं होतं ते एवढंच, की कुणाला किती शिक्षा. आरोपी तिघं: कंपनीचा मालक, तिथला कारकून आणि माझा धाकटा भाऊ. लोकांकडून ठेवी घ्यायच्या आणि सांगायचं, की हे पैसे घर गहाण ठेवून कर्ज काढणाऱ्यांना देतो, चांगलं व्याज येतं, बुडायची भीती नाही. प्रत्यक्षात आमच्या गावातल्या मेलकावेरी भागातलं एकच घर ह्यांनी सगळ्यांना गहाण म्हणून दाखवलं. दाखवायचं काम माझ्या भावाचं.

आणि दाखवलं कुणाला, तर आपल्याच माणसांना! कुंभकोणममध्ये आम्हा मराठी बोलणाऱ्यांची घरं मोजकी. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, तीही अशी जुनाट की पुण्याची माणसं ऐकून हसतात. विठ्ठलाच्या भजनाला सगळे जमतात. भजन संपून प्रसादाचे हरभरे हातात आले, की हा हळूच विषय काढायचा, घरच्या भाषेत. फसवणारी माणसं तमिळमध्येच बोलणार, अशी आमची भाबडी समजूत. भजनातल्या एका मावशींनी तर त्या घरापुढे जाऊन रांगोळी काढली, आपले पैसे आहेत ना तिथं म्हणून! भाडेकरू बिचारा बघतच राहिला.

वकील मला म्हणाले, "अम्मा, तुम्ही कोर्टात बोला. भाऊ साधा आहे, मालकानं त्याला वापरून घेतलं, एवढं पटलं तर शिक्षा कमी होईल." मला काही शिकवावं लागलं नाही, माझा विश्वासच होता तसा. अहो, सांबारात मीठ नसलं तरी मुकाट जेवून उठणारा माणूस तो! सकाळी जिल्ह्याच्या कोर्टाला जायला पापनाशमवरून जाणारी बस धरली आणि वाटभर काय बोलायचं ते घोकत गेले.

न्यायाधीशबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. तिघांना एका मापानं मोजणार नाही, ज्याचं त्याचं वेगळं बघेन, असं त्या सुरुवातीलाच म्हणाल्या. कारकुनाला काय ठाऊक होतं, कधी कळलं, त्याला काय मिळालं, सगळं शांतपणे ऐकलं. मग माझ्याकडे वळल्या.

मी सांगितलं. आईचं आजारपण ह्यानंच काढलं, माझे यजमान गेले तेव्हा हाच पाठीशी उभा राहिला. बाईंनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, "तुम्ही ठेवले होते का पैसे त्या कंपनीत?"

"नाही."

"भावावर एवढा विश्वास, तरी नाही?"

"ठेवणारच होते हो! यजमानांच्या मागे आलेले पैसे पिशवीत घालून निघालेसुद्धा होते. त्यानंच अडवलं. म्हणाला, अक्का, तू इथं नको ठेवू, पोस्टात ठेव. एवढी माया त्याची!" मी अगदी अभिमानानं सांगितलं.

"हे कधी झालं?"

"मावशींनी पैसे ठेवले ना, त्याच आठवड्यात."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. बाई लिहू लागल्या. त्या लिहीत होत्या तेव्हा कुठं, मी काय बोलून बसले ते माझ्या ध्यानात आलं. अगं बाई! म्हणजे ह्याला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल झाला. कारकून थोडक्यात सुटला. भावाला मालकाइतकीच शिक्षा. सख्ख्या बहिणीला ज्यानं वेळीच अडवलं, त्याला पैसे बुडणार हे कळत होतं, असं बाईंनी वाचून दाखवलं.

पोलीस त्याला घेऊन माझ्यासमोरून निघाले. तो थांबला. रागावला नव्हता. "अक्का, परतीची बस मिळेल ना तुला?" म्हणाला. मला रडू फुटलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

"मला सांगितलंस, मग मावशींना का नाही रे सांगितलंस?"

"सगळ्यांना सांगून कसं चाललं असतं, अक्का?" तो म्हणाला.