विंगेतून दिलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवाला तर नाहीच — त्याच्यापुढे बसून मी वाती वळल्या, बोलले नाही. आता ऐंशीला टेकले, म्हणून तुम्हाला सांगते. कीव करायची असेल तर इथेच थांबा.

आमची हौशी नाटकमंडळी. तालमी सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या वर्गात. एक जुनं संगीत नाटक आम्ही वर्षानुवर्षं करायचो, नायिका मी. नवरा संशयापायी तिला घराबाहेर काढतो आणि शेवटी तीच त्याच्या पायांवर डोकं ठेवते — "चुकले मी. पायाशी जागा द्या." काय चुकलं तिचं? नाटककाराला तरी कुठे माहीत होतं! पण प्रेक्षकांतल्या बायका पदराने डोळे पुसायच्या, आणि टाळ्या मला मिळायच्या.

मग मंडळींनी त्याच नाटकाचं नवं रूप बसवलं. पदं गेली, नऊवारी गेली, नायिकेला नोकरी लागली. आता ती शेवटी म्हणणार होती, "चूक माझी नव्हती. मी चालले." भूमिका मिळाली वैशालीला — धायरीच्या शेतकऱ्याची पोर, तालमीला दोन बस बदलून यायची. आणि मला? संहिता हातात देऊन विंगेत उभं केलं. प्रॉम्प्टर म्हणून.

मत्सर? होता की. पण तेवढाच असता तर बरं झालं असतं. ते जुनं वाक्य मी घरी खरोखरच म्हणत होते — आमटी खारट झाली तरी, सासूबाईंचा चष्मा सापडला नाही तरी. बावीस वर्षं. आणि ही पोर रोज तालमीत ताठ मानेने चालती व्हायची! मला ते बघवत नव्हतं.

म्हणून मी बिचारी? मुळीच नाही. अशा लाखो बायका होत्या, त्यांनी हे केलं नाही. मी केलं.

स्पर्धेच्या प्रयोगात, अगदी शेवटी, वैशाली अडली. नजर विंगेकडे वळली. माझं बोट बरोबर नव्या ओळीवर होतं — आणि मी जुनी ओळ दिली. जाणूनबुजून, स्पष्ट. भांबावलेला नट कानावर पडेल ते म्हणतो. तिनेही म्हटलं. म्हणता म्हणता तिचे गुडघेही वाकले. प्रेक्षागृहात कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले.

रंगपटात ती थेट माझ्याकडे आली. एरवीची जपून शुद्ध केलेली भाषा पार गळून पडली होती. "मावशी, तुम्ही कंचं वाक्य दिलं हो?"

"संहितेतलंच. तुझं लक्ष कुठे होतं?"

तिने विश्वास ठेवला. पुन्हा रंगमंचावर पाऊल टाकलं नाही.

पुढे ती प्राध्यापक झाली. गेल्या महिन्यात तिचं व्याख्यान होतं — जुन्या नाटकातली बाई आणि नव्या नाटकातली बाई. मी मागे बसले होते. ती मुलींना सांगत होती, "जुनी बाई आपल्या आत किती खोल बसलेली असते, बघा. प्रॉम्प्टर नवं वाक्य देत होत्या, तरी माझ्या तोंडून जुनंच आलं. मी स्वतःला आजही तपासत असते." चाळीस वर्षं! मग तिने मला ओळखलं, उभं केलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

मी हात जोडले आणि खाली बसले.

तिच्या आत कुणी जुनी बाई नव्हती. ती तर विंगेत उभी होती, आणि ते वाक्य देताना तिचा आवाज जराही कापला नव्हता.