माझ्या पत्रकांची फुलं

आमच्या संघटनेची पत्रकं ज्या छापखान्यात छापतात, तिथल्या बाइंडिंग करणाऱ्या मामांवर गेल्या धनत्रयोदशीला, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर अन्याय झाला. तो मी केला.

मामा मिरजगावकडचे. ऑफसेट छपाई आल्यावर अडगळीत पडलेल्या हातमशीनला त्यांनी कागद कापायची, फुलाच्या आकाराची लोखंडी डाय बसवली होती. छपाईत बिघडलेल्या रंगीत कागदांची फुलं कापायचे, सुईच्या बोथट टोकाने पाकळ्या उचलायचे आणि भेटकार्डावर चिकटवण्याआधी प्रत्येक फुलावर हलकी फुंकर मारायचे. नाही म्हणायचं असलं तरी त्यांची सुरुवात "व्हय की" अशीच.

त्या दुपारी त्यांनी मला दिवाळीचं कार्ड दिलं. मी एक पाकळी उलटून पाहिली, तर मागे माझ्याच पत्रकातली अक्षरं.

"लोकांच्या मागण्यांची फुलं करता?" मी ओरडलो.

"व्हय की, पुढारी. तुमचा राग येका बाजूला हाय. दुसरी बाजू कोरीच हुती."

मी कार्ड फाडलं. मामांनी तुकडे वेचले, फुंकर मारून खिशात ठेवले. त्या दिवसापासून त्यांनी फुलं कापली नाहीत; आता ती डाय कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलेली असते.

माझी पत्रकं संध्याकाळपर्यंत स्टँडवर पायाखाली येतात. मामांची जुनी कार्डं मात्र सावेडीत लोकांच्या घरी टीव्हीवर उभी असलेली मी पाहिली आहेत. परवा मी माफी मागितली. मामा "व्हय की" म्हणाले आणि कामाला लागले; डाय मात्र टेबलावरच राहिली.

तुमच्या घरी त्यांचं कार्ड असेल, तर छापखान्यात नेऊन त्यांना दाखवा. जपून ठेवलंय, हे तुम्ही सांगा.