गाळात हरवलेला म्हसोबा

आमची म्हैस पहाटे व्याली अन् वगार झाली. घरात सारे खुश, एक मी सोडून.

आमच्या घरची रीत अशी, की म्हैस व्याली का पह्यल्या चिकाचा खरवस तलावावरच्या म्हसोबाले दाखवायचा. तवरोक घरात कोनी दुधाचा थेंब तोंडात घालत नाही, अन् माय तं पानीबी पीत नाही. मांगच्या खेपेले आमचं रेडकू आठवड्याच्या आत गेलं. तवा निवद उशिरा दाखवला म्हनूनच गेलं, हे मायच्या मनात पक्कं बसलं. या खेपेले तिनं सकाळीच खरवस केला, डब्यात भरला, फडकं बांधलं अन् माह्या हातात देला.

"ऊन डोक्यावर यायच्या आत दाखवून ये," म्हने.

मी हाव म्हनलं. म्हसोबा कोठी आहे हे मले माईत नव्हतं, अन् माईत नाही हे फक्त मलेच माईत होतं.

झालं असं, का आमचा तलाव आधी नावालेच तलाव होता. सारा गाळ अन् बेशरमाच्या झुडपायचं रान. मंग गावानं मनावर घेतलं, बेशरम उपटली, गाळ काढाले मशीन आली. तवा बुढ्या मानसायनं मले सांगतलं, म्हसोबा तुमच्या घरचा, तूच उचलून उंच जागी ठेव. म्या ठेवला. पुन्हा सापडावा म्हनून बाजूले गाळाचा मोठा ढीग घालून निशानी केली. आता गाळ म्हनजे वावराचं सोनं. सारं गाव ट्राल्या घेऊन ज्याच्यावर टपून बसलं होतं, त्याचीच म्या निशानी केली. तो ढीग कोनाच्या वावरात गेला म्हनाल, तं माह्याच. त्या ट्रालीत म्हसोबाबी गेला का काय, हे कोनाले विचाराची हिंमत झाली नाही. मंग पावसाळा आला अन् सारं पान्याखाली झाकलं.

पह्यले पायीच तलावाच्या पाळीनं, बांधावरून, निघालो. जिथी बेशरम होती तिथी आता पानकनीस डुलून राह्यलं होतं. एका जागी उंचवटा दिसला म्हनून खाली उतरलो, तं टोंगळ्यालोक चिखोलात. डबा डोक्यावर धरून बाहेर निघालो, पन एक चप्पल आतच राह्यली, सोनाळ्याच्या बाजारातून नवीन आनलेली. समोर बगळे उभे होते. ते एका पायावर, मी एका चपलेवर.

मंग चुलतभावाची सायकल मांगून आनली. तलावाच्या त्या अंगानं आता चांगला रस्ता झाला आहे, लोकं सकाळी फिराले येतात. डबा हँडलले अटकवला अन् एक डोळा पान्यावर ठेवून निघालो. दुसरा डोळाबी पान्यावरच होता, हे वळनावर समजलं. सायकल अन् मी दोघंबी पानकनसात गेलो. खरवस तेवढा वाचला.

तिथंच काठावर भोयाची बाई डोंगा बांधून जाळं झटकून राह्यली होती. गावात मी तिले वहिनी म्हनतो. तिनं सारं पाह्यलं होतं. म्या म्हनलं, वहिनी, जरा पान्यात फिरवून आन. ती म्हने, "भाऊजी, तुमाले जमिनीवर बसता येत नाही, डोंग्यात कसे बसान?"

मंग म्या सारंच सांगून टाकलं. ती इतकी हासली का हातातलं जाळं सुटलं. मंग म्हने, बसा, हालू नका.

डोंगा मधात गेला अन् सारं चूप झालं. बदकायचा थवा उडाला, पान्यावर लंबी रेघ ओढून पुढे जाऊन बसला. इतकं सुंदर आपल्या गावात आहे अन् आपन आज पाहून राह्यलो, असं वाटलं. पन डोकशात एकच. इथी नाही सापडला तं वावर खोदा लागते, अन् मायले काय सांगू? ती उपाशी बसली आहे.

बाभळीच्या खोडापाशी वहिनीनं डोंगा वळवला. मधात, काठावरून पानकनसाआड दिसत नव्हतं असं, बसक्या घराएवढं बेट होतं, अन् बेटावर म्हसोबा. शेंदूर ताजा, वरतं झेंडूचं फूल.

"आमी याच्या पाया पडूनच जाळं टाकतो," वहिनी म्हने. "तुमच्याच घरचा आहे ना? वाट पाहून राह्यलो होतो, कोनी येते का म्हनून."

मी तसाच चिखोलात खाली बसलो. मंग निवद दाखवला, वहिनीले खरवस देला, तिनं खाल्ला अन् म्हने गूळ जरा कमी पडला.

घरी आलो तं माय दारातच होती. तिनं माह्याकडे वरून खालून पाह्यलं, पन चिखोलाचं काही विचारलं नाही.

"दिसला का?"

"दिसला."

"कसा आहे?"

जसं कोन्या सोयऱ्याचं विचारावं तसं. म्या सांगतलं, पान्याच्या मधात बसला आहे, चौफेर बदकं आहेत, भोई लोकं रोज फूल वाह्यतात.

मायनं दारातूनच तलावाकडे हात जोडले. "म्हशीचा देव आहे," म्हने. "पान्यातच बरा."

अन् चहाचं आधन ठेवाले आत गेली. गोठ्यात वगार म्हशीले लुचून राह्यली होती. मी उंबऱ्यावरच बसलो, अन् माय बशीतून चहा पेऊन होयेलोक आंघोळीलेबी उठलो नाही.