तुळजामावशीचा सोमवार

सोमवारी तुळजामावशी टांग्यात बसायची नाही. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला जालन्यात रिक्षा थोड्या आणि टांगे भरपूर होते. दवाखान्यात जायचं असो की पाहुण्यांना स्टेशनवर सोडायचं, वार सोमवार असला की मावशी पायी निघायची. मी नवी सून म्हणून गल्लीत आले तेव्हा मला वाटलं, बाई पैशाला चिकट दिसते. पुढं ओळख वाढली तेव्हा खरं कारण कळलं. मावशीचं माहेर भोकरदन तालुक्यातलं धावडा. तिच्या वडिलांच्या घरी सोमवारी बैल जुंपत नसत. सोमवार महादेवाचा, बैलही महादेवाचा. त्या दिवशी कुठल्याच मुक्या जनावरावर भार टाकायचा नाही.

तिचं लग्न रविवारी लागलं आणि सोमवारी वऱ्हाड निघायचं होतं. वडिलांचं नाव कारभारी. ते दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, आज माझ्या दारातून गाडी हलणार नाही. सगळं वऱ्हाड आणखी एक दिवस जेवलं. मावशीचे यजमान रामराव हे सांगताना दरवेळी म्हणायचे, "आमची बायको मंगळवारी सुटली." मावशी त्यांच्याकडे न बघता म्हशीच्या पुढ्यात पेंड टाकत राहायची.

घरामागं तिच्या दोन म्हशी होत्या. अख्ख्या गल्लीला दूध तिचं. वर्षानुवर्षं उकिडवं बसून धारा काढल्यानं उजवा गुडघा कामातून गेला होता. उठताना भिंतीला हात लावायची आणि "हर हर" म्हणायची, तेव्हा ते देवाचं नाव होतं की कळ होती ते सांगता यायचं नाही.

ब्याण्णव सालच्या चैत्रात भुजंग सरांनी केदारनाथची यात्रा काढली. सर शाळेत कवायतीचे मास्तर. तीनदा केदारनाथला जाऊन आलेले, त्यामुळं बस ठरवण्यापासून डोंगर चढवण्यापर्यंत सगळं तेच बघत. त्यांनी आम्हा सगळ्यांना मारुतीच्या देवळात बसवून समजावून सांगितलं. गौरीकुंडापर्यंत बस जाते. पुढं चौदा किलोमीटर चढ. ज्यांना झेपेल त्यांनी चालावं, बाकीच्यांनी घोडा करावा. सकाळी निघून संध्याकाळच्या आत वर पोचायचं, रात्री वर मुक्काम, दुसऱ्या दिवशी दर्शन करून खाली. मग त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की हिशोब असा बसलाय, चढायचा दिवस बरोबर सोमवार येतो. बायकांनी हात जोडले. माझ्याही अंगावर काटा आला. सोमवारी केदारनाथ, आणखी काय पाहिजे?

मावशीनं मागून विचारलं, मंगळवारी नाही का जमणार?

सरांना वाटलं ती चेष्टा करतेय. तिनं मग सोमवारचं सांगितलं. सर म्हणाले, तिथले घोडे रोज चालतात, तुम्ही नाही बसलात तर दुसरा कुणी बसेल, घोड्याला काय सुट्टी मिळणार आहे?

"बसू द्या दुसऱ्याला," मावशी म्हणाली. "माझ्या सोमवाराचं मी बघते. चालत येते मी."

सरांनी तिच्या गुडघ्याकडे बघितलं. मग कवायतीच्या मास्तरांना शोभेल असं म्हणाले, "मंग उद्यापासून तयारीला लागा."

ती तयारी आठवली की अजून हसू येतं आणि कुठंतरी हुरहूरही लागते. पहाटे काकडा झाला की आम्ही पाच-सात बायका मोती तलावाच्या पाळीवर चालायला जायचो. सर पुढं, गळ्यात शिट्टी. मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा कॅनव्हासचे बूट घातले, नऊवारीवर. पहिल्या दिवशी नाडी सोडता येईना म्हणून ती घरी तशीच ओट्यावर बसून राहिली. बूट घालून चुलीपाशी कसं जायचं? शेवटी रामरावांनी खाली बसून गाठ सोडली. तेवढ्यात कुणी बघत नाही ना म्हणून दोघांनीही गल्लीत नजर टाकली, आणि मी दारातच उभी.

म्हशींचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. त्या मावशीशिवाय कुणाला हात लावू देत नव्हत्या. मावशीनं रामरावांना आपलं जुनं लुगडं अंगावर घेऊन धारेला बसवलं. थोरली म्हैस मान वळवून बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं पान्हा सोडला, पण अर्धाच. रामराव म्हणाले, "हिला कळलंय. ओळखीचं लुगडं म्हणून लिहाज करून राह्यली."

समोरच्या घरात सलमाभाभी शिवणकाम करायच्या. त्यांनी मावशीला लुगड्याच्या आतून घालायला फ्लॅनेलचा पायजमा शिवून दिला. मावशी घालायला तयार नव्हती. म्हाताऱ्या बाईनं पायजमा घालायचा आणि देवासमोर जायचं? भाभींनी शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. म्हणाल्या, "मौसी, उधर घुटने को हवा लगी तो चढना छोडो, उठना बी नै होता. पहनो चुपचाप." मावशीनं चुपचाप घातला. भाभींनी उजव्या गुडघ्याला आतून कापडाची दुप्पट पट्टी लावली होती. ती कुणी सांगितली नव्हती.

थंडीची सवय कशी करायची हा सरांना पडलेला प्रश्न. वैशाखात जालन्यात पंख्याची हवाही तव्यावरची लागते. सरांनी सिराजोद्दीनभाईंना विचारलं. त्यांचा बर्फाचा कारखाना होता. त्यांनी बिलकुल आढेवेढे घेतले नाहीत. भर दुपारी आम्ही स्वेटर, मफलर, कानटोप्या घेऊन निघालो. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. आत लाद्या रचलेल्या खोलीत आम्हाला सतरंजी टाकून बसवलं. पहिली आरती झाली, दुसऱ्या आरतीला आवाज थरथरायला लागला. शेजारच्या उषाबाई बोलण्यात तिखट होत्या. त्यांनी दातावर दात आपटत विचारलं, "मावशी, चालणाऱ्याला पुण्य जास्त भेटतं का? तसं असंल तर मी पण घोडा सोडते."

मावशी म्हणाली, पुण्याचं तिला माहीत नाही. घोडा मंगळवारी असता तर ती पहिली बसली असती. उषाबाईंना ते पटलं नाही. त्या गल्लीभर सांगत सुटल्या की मावशीनं पायी चढायचा नवस केलाय. मावशीनं दोनदा खुलासा केला, मग सोडून दिलं. निघताना तिनं सिराजोद्दीनभाईंकडं बर्फाची एक लादी मागितली, म्हशींच्या पाण्यात टाकायला. त्यांनी हसून पोत्यात बांधून दिली.

शेवटची परीक्षा सरांनी धावड्याकडच्या डोंगरात घेतली. टेम्पो करून गेलो. मावशीचं माहेरघर तिथं जवळ, पण ती आधी भेटायला गेली नाही. म्हणाली, आधी चढते, मग तोंड दाखवते. तो चढ केदारनाथच्या मानानं काहीच नव्हता. आम्ही वर पोचलो, भाकरी सोडल्या, झुणका संपत आला, तरी मावशी खालच्या वळणावरच होती. दर थोड्या वेळानं थांबायची, कमरेवर हात ठेवायची, पुन्हा निघायची. वर आली तेव्हा तिचा चेहरा काळवंडला होता. पाणीसुद्धा घोट घोट करत प्यायली.

सर चांगले होते, पण चाळीस माणसांची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांनी तिला बाजूला नेलं. मी भाकरी घेऊन गेले होते म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणाले, "मावशी, इथं निदान हवा हाय. तिथं श्वाससुद्धा मोजून मिळतो. अंधारात मी कुणाला रस्त्यावर ठेवणार नाही. अर्ध्या वाटेवर रामबाडा लागतो. दुपारपर्यंत तिथं पोचलात तर पुढं. न्हाई पोचलात तर घोडा, न्हाईतर परत. कबूल?"

मावशीनं मान हलवली. मग वडिलांच्या घरी गेली आणि भावजयीच्या हातचा चहा घेऊन परत आली. टेम्पोत ती मागं बसून गुडघा चोळत राहिली.

तरी तिनं चालणं सोडलं नाही. आम्ही पाळीवरून घरी परतायचो आणि ती आणखी एक फेरा मारायची. मी रोजच्या वहीत देवाचं नाव लिहिते, त्या दिवसांत खाली मावशीचंही लिहायची. दुसरं काय करणार?

गौरीकुंडाला आम्ही रविवारी उतरलो. सोमवारी उजाडताच सर्वांनी गरम कुंडात स्नान केलं. सरांनी प्रत्येकीला कापराची पुरचुंडी दिली. दम लागला की हुंगायची, बोलायचं कमी, पाऊल लहान. मावशीनं पदर खोचला, बुटाची नाडी आता स्वतः बांधली आणि काठी टेकत निघाली. मी तिच्याबरोबर राहिले. बाजूनं घोड्यांची रांग जात होती. उषाबाई घोड्यावर डोळे मिटून, दोन्ही हातांनी आयाळ घट्ट धरून बसल्या होत्या. मावशीनं खालूनच सांगितलं, "आयाळ सोडा, त्याला दुखून राह्यलं." उषाबाईंनी डोळे न उघडता एक हात सोडला.

मंदाकिनीचा आवाज खाली, समोर बर्फाचे डोंगर. इतकं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं. पण बघायला सवड कुठं होती? मावशी चार पावलं टाकायची, थांबायची. कापूर हुंगायची, परत चार पावलं. रामबाडा आला तेव्हा दुपार कलली होती. सर चहाच्या टपरीपुढं आमची वाट बघत उभे होते, आणि एक घोडेवाला रिकामा घोडा धरून.

मावशी बाकावर बसली. गुडघा सुजून पायजम्यात रुतला होता. सर रागावले नाहीत. म्हणाले, शर्थ केलीत, आता बसा. मावशी उठली आणि घोड्याजवळ गेली. मला वाटलं, बसते. तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. पाठ घामानं चिंब होती.

सर हळू आवाजात म्हणाले, "मावशी, इथं तुमच्या गावचं कोण बघायला बसलंय?"

"मीच बघून राह्यले की."

आता परत जाणं एवढंच उरलं होतं. इतक्या लांब येऊन, अर्ध्या वाटेवरून. मला रडू आलं. मावशीचेही ओठ घट्ट मिटलेले. ती डोंगराकडं बघत राहिली, मग वळली.

"सर, उद्या कोणता वार?"

"मंगळवार."

"मंग उद्या बसते. आज इथंच ऱ्हाते."

सर आधी चिडले. खाली बस उद्या दुपारीच सुटणार होती, बद्रीनाथचा मुक्काम ठरलेला. पहाटे पाऊस लागला, रस्ता घसरला तर दर्शन चुकेल आणि तसंच परत फिरावं लागेल. मावशी म्हणाली, चुकलं तर चुकलं, बससाठी कुणाला थांबवणार नाही. सर थोडा वेळ शिट्टी बोटाला गुंडाळत उभे राहिले. मग त्यांनी घोडेवाल्याशी पहाटेचे दोन घोडे ठरवले, टपरीवाल्याला आम्हा दोघींची पथारी सांगितली आणि एकदाही मागं न बघता वर निघून गेले. अंधाराच्या आत त्यांनाही पोचायचं होतं.

पहाटे पावसाचे दोन-चार थेंब आले आणि थांबले. घोडे आले. मावशीनं आधी विचारलं, यानं खाल्लं का, रात्री निजला का? घोडेवाला म्हणाला, "खाया है माताजी, सोया भी है." मग ती अशी बसली, जणू रोजच बसते. पुढं एके ठिकाणी रस्ता फार उभा झाला. ती म्हणाली, एवढा चढ उतरून चालते. तो पोरगा हसायला लागला. पूरी चढाई ऐसी ही है, माताजी. मावशीनं वर बघितलं, खरंच होतं. तिनं घोड्याच्या मानेवर थोपटलं आणि बसून राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन शिखरावर नुकतंच उतरत होतं. सर रांगेत आमची जागा धरून उभे होते. पाठीमागच्या लोकांची बोलणी खात, हात पसरून.

गाभाऱ्यात आत गेल्यावर मला आधी काही कळेना. आपल्याकडच्यासारखी पिंड नव्हती. मोठा, उतरता, खडबडीत दगड होता. पुजाऱ्यांनी सांगितलं, महादेव बैलाचं रूप घेऊन जमिनीत शिरले, तेव्हा पाठ तेवढी वर राहिली, ती ही. इथं तूप लावायचं असतं. बाकीचे लोक बोटानं तूप टेकवून पुढं सरकत होते.

मावशीनं कनवटीची डबी काढली. म्हशीचं तूप होतं, घरचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं बैलाचे खांदे तुपानं मळतात, वर्षभर जू वाहून दुखलेले खांदे. मावशी तशीच बसली, दुखरा गुडघा टेकून. दोन्ही तळव्यांना तूप लावून तिनं त्या पाठीवर दाबून, सावकाश हात फिरवायला सुरुवात केली. पुजाऱ्यांनी "चलो" म्हणायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले. ती पुटपुटत होती. मला वाटलं मंत्र आहे. कान देऊन ऐकलं, तर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या कानात सांगतात तेच ती सांगत होती. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मीही डबीत बोटं बुडवली आणि दगडाला तूप लावू लागले. मावशीनं माझं मनगट धरलं.

"असं न्हाई, बेबीनंदा. वरून खाली. केसाच्या ओघानं."