आईच्या चटणीची साक्ष

उन्हाळ्यात शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात आलेल्या पाहुण्याला घर विचारावं लागायचं नाही. आईनं तीळ भाजायला घेतले की तो नाकानंच दारापर्यंत पोचायचा. आई ऑर्डरप्रमाणे कांदा-लसूण चटणी करून द्यायची. गच्चीवर मिरच्या वाळत असायच्या, कढईत खोबरं असायचं आणि आई मात्र शेगडीकडे पाठ करून उंबऱ्यात कुणाशी तरी बोलत उभी असायची. मध्येच मान न वळवता मला ओरडायची, "उतरव कढई, झालं खोबरं!" मी बघायचे, तर खोबरं नुकतं बदामी झालेलं असायचं. सगळ्याच आयांना हे येत असेल, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, डंकाच्या गिरणीत चटणी कुटून परत येताना तिला एका मोटारीनं उडवलं. डोक्यात रक्तस्राव झाला. ती वाचली, चालू-बोलू लागली, तेव्हा आम्हाला वाटलं की संपलं सगळं. मग एके दिवशी दूध करपून पातेलं काळं झालं, आणि आई शेजारीच शांतपणे मेथी निवडत बसली होती. डॉक्टर म्हणाले, डोक्याला असा मार लागला की कधी कधी वास कळणं बंद होतं, आणि ते परत येईलच असं नाही. त्याचं त्यांनी एक लांबलचक इंग्रजी नावही सांगितलं.

"एवढ्या मोठ्या नावाचं काय बी झाल्यालं न्हाय मला," आई म्हणाली. "सर्दी हाय."

नुकसानभरपाईचा दावा लावला. वडिलांना कारखान्यातून सुट्टी मिळत नसे. घरात कॉलेजला गेलेली मी एकटीच, त्यामुळे आईबरोबर कोर्टात जायचं आणि वकिलांचं बोलणं समजून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मला त्यातलं अर्धं कळायचं. उरलेल्या अर्ध्यावर मी नुसती मान हलवायचे.

विमा कंपनीच्या वकिलांचं म्हणणं साधं होतं. बाई चालतात, बोलतात, चटणीही करतात, मग नुकसान कसलं? आई खरंच पुन्हा चटणी करू लागली होती, नुसत्या रंगावरून. तिची चटणी आता पहिल्यासारखी होत नाही, हे आम्हाला कोर्टाला पटवून द्यायचं होतं. त्यासाठी वर्षानुवर्षं चटणी नेणारं कुणीतरी साक्षीला हवं होतं. समोरच्या घरातली अक्का लगेच तयार झाली. वकिलांनी तिला सगळं समजावलं. ती दर वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होती.

साक्षीच्या दिवशी ती लग्नाला निघाल्यासारखी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "यांची आताची चटणी कशी असते?"

अक्कानं बाकावरच्या अनोळखी लोकांकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि पदर सावरला.

"एक नंबर! उभ्या पेठेत हिच्यासारखी चटणी कुणाची न्हाय. आदी बी न्हाय आणि आता बी न्हाय."

"बस, एवढंच," वकील म्हणाले.

मला अक्काचा रागसुद्धा येईना. आमच्या बोळात बायका नळावर तासभर भांडतील, पण एकीनं दुसरीच्या हाताच्या चवीला परक्यांसमोर नावं ठेवलेली मी कधी ऐकली नव्हती.

तेवढ्यात आई उभी राहिली. "सायेब, अक्का खोटं बोलतीया."

न्यायाधीशांनी तिला खाली बसायला सांगितलं. आमच्या वकिलांनी विनंती केली, तेव्हा थोड्या वेळानं तिला पुन्हा साक्षीला बोलावलं.

"माझी चटणी करपती," ती म्हणाली. "वासच लागत न्हाय. रंग बघून उतरवाय जाते, तवर आतनं कडू झाल्यालं असतंय. जिभेला कळतंय की कडू. गिऱ्हाईक तोंडावर बरं म्हणतंय आणि परत येत न्हाय. हिच्या फडताळात माझी बरणी तशीच भरल्याली हाय. मी बघितलीया."

तिला हे माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. घरात ती अजूनही सर्दीच म्हणत होती.

बाहेर आल्यावर अक्का तिच्यावर उसळली. "माझं फडताळ कशाला उघडलंस गं?"

"साखर घ्यायला. तूच म्हणलीस, घे म्हणून."

"मग गप बसायचं की! चारचौघांत माझी अब्रू काढलीस."

"तुझी न्हवं. माझी काढली."

रिक्षात दोघी दोन बाजूंना तोंडं करून बसल्या आणि मध्ये मी.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मागितलं होतं त्यापेक्षा कमी मिळालं, पण मिळालं. आईनं ऑर्डरी बंद केल्या. कुणी डबा घेऊन आलंच, तर "झेपत न्हाय आता" म्हणते. उन्हाळ्यात कॉलेजवरून येताना बोळाच्या तोंडाशी माझे पाय अजूनही जरा रेंगाळतात. दुसऱ्या कुणाच्या तरी घरी मसाला भाजत असतो. तो वास चांगला असतो, पण आमचा नसतो.

यंदा तिनं घरापुरती चटणी करायला घेतली. खोबरं भाजून झालं, तशी तिनं खिडकीतून अक्काला हाक मारली. कोर्टानंतर बरेच दिवस दोघींचं बोलणं बेताचंच होतं. अक्का आली आणि कढईवर वाकली.

"बघ वास. खरं सांग."

अक्कानं दोनदा वास घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "करपलंय गं."

"लई?"

"जरासं. पर करपलंय."

आईनं ते खोबरं एका ताटलीत काढलं, कढई पुसली आणि नवीन खोबरं किसायला घेतलं.

"मग बस हितं," ती म्हणाली. अक्कानं पाट ओढला आणि शेगडीजवळ बसली.