वायर नसलेला टीव्ही

"तू ये पुढं. बस ह्या खुर्चीत," सर म्हणाले. "आपल्याला प्रतिसादक आयता मिळालाय."

वर्ग हसला. मीही हसले. तेव्हा मला हसायचीच सवय होती.

एम.ए.चं दुसरं वर्ष होतं, कोल्हापुरात. विषय समाजशास्त्र, पेपर संशोधन पद्धतीचा. मुलाखत कशी घ्यायची ते त्या दिवशी शिकवणार होते. प्रश्न विचारतो तो संशोधक, समोर बसून उत्तरं देतो तो प्रतिसादक, एवढं सांगून झालं होतं. वर्गात बागायतदारांची पोरं होती, व्यापाऱ्यांच्या पोरी होत्या, वकिलाचा एक मुलगा होता. त्या सगळ्यांतून खुर्चीसाठी सरांना मीच दिसले. मी कळंब्याच्या पुढच्या बौद्ध वस्तीतली.

वर्षा माझ्याच बाकावर बसायची. माझ्या डब्यातली चटणी खायची. सरांनी प्रश्नावली तिच्या हातात दिली.

"जात?" वर्षानं विचारलं. माझ्याकडं न बघता.

"बौद्ध."

"आधीची सांग," सर म्हणाले. "फॉर्मात आधीची लागते. आणि मोठ्यानं, मागच्यांना ऐकू जाऊ दे."

मी सांगितली. मोठ्यानं सांगितली.

"घरात शौचालय आहे?"

"नाही."

"मग कुठं जाता?" हा प्रश्न कागदावर नव्हता. तो सरांनी स्वतःच्या पदरचा घातला. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. मग मटण किती वेळा, घरात दारू कोण पितं, अंघोळ रोज करता का. सगळ्याची उत्तरं दिली मी, तोंडी परीक्षा असल्यागत, शहाण्या मुलीसारखी. शेवटी सर म्हणाले, "छान. असा मोकळा प्रतिसादक मिळाला की काम सोपं होतं." मी जागेवर येऊन बसले. वर्षानं हळूच माझ्या हातावर हात ठेवला, तो मी झटकला.

पुढच्या आठवड्यात पाहणी ठरली. कुठं? आमच्याच वस्तीत. आणखी कुठं जाणार!

मला वाटलं, चला, आता तरी माझ्या हातात प्रश्नावली येईल. मी फॉर्म घ्यायला हात पुढं केला, तर सर म्हणाले, "तू नको. तू त्यांच्यातलीच. तुला तटस्थता जमायची नाही. तू फक्त घरं दाखव."

म्हणजे वाटाड्या. आपल्याच गल्लीत.

वस्तीत फॉर्मवाली माणसं म्हणजे सरकारी माणसं. घरात टीव्ही दिसला की पिवळं रेशनकार्ड गेलं आणि स्वस्तातलं धान्य गेलं, ही प्रत्येकाला धास्ती. शेजारची शेवंतामावशी सकाळीच टीव्ही पोटाशी धरून आमच्या दारात आली.

"वहिनी, ह्यो डबा तेवढा तुज्यात ठेव गं. मला न्हाय दावायचा."

आमच्यात टीव्ही नव्हता. आणि आईचं नेमकं उलटं चाललेलं. "आण की! माज्या लेकीच्या कालेजातली माणसं येणार. घर रिकामं दिसाय नको."

मी दोघींना सांगत होते, अगं सरकारचं काही नाही, नुसता अभ्यास आहे. "आसं समदीच म्हणत्यात," मावशी म्हणाली आणि टीव्ही ठेवून गेली. आईनं तो बुद्धाच्या फोटोखाली मांडला. वर स्वतः विणलेला रुमाल घातला, त्यावर प्लास्टिकची फुलं ठेवली. गुऱ्हाळावरच्या मजुरीला खाडा करून ती घरी थांबली होती. ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी होती. मला तिचं हसूही येत होतं आणि कौतुकही वाटत होतं.

वर्षा आणि दोन पोरं आमच्या घरात आली. आईनं सगळी उत्तरं दिली. टीव्ही? "हाय की!" केवढ्या जोरात म्हणाली. मी दाराशी उभी होते. मला बोलायची परवानगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात फॉर्म वाचले जात होते. सरांनी आमचा उचलला. नाव घेतलं नाही, पण घर कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"टीव्ही आहे म्हणे. वर्षा, तू काय पाहिलंस?"

"वायरच नव्हती सर," वर्षा म्हणाली. "ॲन्टेनापण नव्हता."

वर्गात हशा फुटला. बाकं वाजवली पोरांनी. सर हसू आवरत फळ्याकडं वळले आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'खोटी उत्तरं'. "हे उत्तम उदाहरण. ही माणसं काही मिळवायचं असलं की 'नाही' म्हणतात, ऐट मारायची असली की 'आहे' म्हणतात. सवय असते त्यांना. म्हणून संशोधकानं विश्वास ठेवायचा नाही."

सगळे माना वळवून माझ्याकडं बघत होते. माझी आई, खाडा करून, ठेवणीतलं लुगडं नेसून त्यांची वाट बघणारी माझी आई, त्या फळ्यावर चढवली होती. मी उभी राहिले.

"सर, ती खोटं का बोलली, ते कुणी विचारलं का?"

"प्रश्नावलीत तो प्रश्न नाही. बस खाली."

बसले.

घरी गेले तर आई चुलीपुढून म्हणाली, "आवडलं का गं घर त्यास्नी?"

"आवडलं," मी म्हणाले. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

त्यानंतर मला चैन पडेना. जेवताना तेच, सिटी बसमध्ये तेच, अंथरुणात तेच. ग्रंथालयात नवे कम्प्युटर आले होते. जुन्या प्रबंधांची यादी त्यात भरलेली. आपल्या विषयावर आधी काय लिहिलंय ते शोधा, असं सरांनीच सांगितलेलं. मी बसले. एका बोटानं आमची आधीची जात टाइप केली, एन्टर मारलं.

पडदा भरला. खाली सरकवलं, पुन्हा भरला. आमच्या बायकांचं आरोग्य. आमची दारू. आमची शाळा सोडणारी पोरं. आमचं राहणीमान. अरे बाप रे, आमच्यातलं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं ह्यांनी!

मग मी सरांची जात टाकली. काही नाही. स्पेलिंग चुकलं असेल म्हणून परत टाकली. रिकामा पडदा. मग संशोधकाच्या नावाच्या रकान्यात त्यांच्यातली आडनावं टाकत गेले, आणि पडदा पुन्हा भरू लागला. ते सगळे तिथं होते. विचारणाऱ्यांच्या रकान्यात.

शेवटी सरांचं स्वतःचं नाव टाकलं. प्रबंध निघाला. त्यांच्याच गावातल्या पाणीपुरवठा संस्थेवर. मी कपाटातून तो काढून घेतला. पहिल्याच पानावर आभार: संस्थेचे अध्यक्ष, माझे वडील, ज्यांनी सगळी कागदपत्रं मला खुली केली.

मी तिथंच मोठ्यानं हसले. ग्रंथपाल बाई रागावल्या. हसू थांबेना आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

माझ्या लघुप्रबंधाचा विषय सरांनी परस्पर ठरवून ठेवला होता. 'वस्तीतील व्यसनाधीनता'. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, विषय बदलायचाय. मोठ्या जातींच्या गल्ल्यांतल्या घरात जात कशी पाळतात, ते बघायचंय."

"आता कोण पाळतं जात?"

"तेच विचारते की."

"तुला कोण दारात उभं करील? आणि तुझी तटस्थता?"

"तुमच्या प्रबंधात तुमच्या वडिलांचे आभार हायत. तुम्हाला जमली. मला का जमायची न्हाय?"

'हायत', 'न्हाय'. दोन वर्षं वर्गात दाबून ठेवलेली माझी बोली तोंडातून धाडकन बाहेर आली. सरांनी चष्मा काढला. "माझी सही मिळणार नाही. वर्ष जाईल तुझं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, व्यसनाचं सोपं आहे. घर जवळ आहे. आई मदत करील."

"आईला परत फळ्यावर न्हाय चढू देणार. आणि त्या खुर्चीत मीबी न्हाय बसणार."

वर्ष गेलं. आईला सांगितलं तेव्हा ती गुळाचे हात धूत होती. "जाऊ दे," म्हणाली. "पण पुरं कर."

पुढल्या वर्षी नव्या मॅडम आल्या. त्यांनी विषयावर सही केली. "दारं बंद होतील हं," म्हणाल्या. झाली. कुणी कुत्रं सोडलं, कुणी मालक घरी नाहीत म्हणून आतूनच मालकाच्या आवाजात सांगितलं. शेवटी एक दार उघडलं. नवा रंग दिलेला बंगला, बाजूला म्हशींचा गोठा. सोप्यात, पुढच्या खोलीत, एक आजी लसूण सोलत बसलेल्या.

"या पावणं. कुठलं म्हणायचं तुमी? आडनाव काय?"

"आडनाव शेवटी सांगते आजी. आधी मी विचारणार."

"इचार की."

"घरात टीव्ही आहे?"

"दोन हाईत."

लिहिलं.

"धुण्याभांड्याला बाई येती? तिचा चहाचा कप वेगळा ठेवता?"

"छ्या! तसलं काय न्हाय आमच्यात. आता कोण पाळतंय?"

त्यांच्या मागं खिडकी होती. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर कान तुटलेला एक कप पालथा घातलेला. एकटाच. माझ्या आईनं एक टीव्ही जास्त सांगितला होता. ह्या एक कप कमी सांगत होत्या. मी 'नाही' लिहिलं, शेजारी कप लिहिला. 'ह्यांना सवय असते' असलं काही लिहिलं नाही. जो प्रश्न माझ्या आईला कुणी विचारला नव्हता, त्याच्याकडंच मला जायचं होतं.

"आजी, मग त्यो कप कुणाचा?"

त्यांनी वळून बघितलं. हातातला लसूण थांबला.

"आडनाव काय म्हणालीस तू?"

"अजून सांगितलं न्हाय," मी म्हणाले. खुर्ची पुढं ओढली आणि पेन कागदावर टेकवलं. "सांगते. आधी कप कुणाचा आन् बाहेर का, ते सांगा. लिहून घेतल्याबिगर मी हितनं उठणार न्हाय."